गाडी गेली, डबा राहिला: एकाच यंत्राला बांधलेल्या किल्लीचा इतिहास

आज येताना एक वस्तू बरोबर आणली आहे, ती आधी टेबलावर ठेवतो. मागे बसलेल्यांना दिसत नसेल म्हणून सांगतो. खिशातल्या जुन्या ट्रान्झिस्टरएवढा काळा डबा आहे. त्याला एक वायर आहे आणि वायरीच्या टोकाला सोळा पिनांचा प्लग. डबा माझा नाही. घिवलीच्या एका गृहस्थांचा आहे. ते इथेच कुठेतरी बसलेत, पण नाव सांगू नका म्हणाले, म्हणून सांगत नाही.

यांचा मासे आणि बर्फ वाहण्याचा धंदा. पिकअप होता. भाच्याने आखातातून हा डबा आणून दिला. गाडीच्या डॅशबोर्डाखालच्या सॉकेटमध्ये प्लग लावायचा, दोन-चार बटणं दाबायची, की इंजिनाचं ट्यूनिंग बदलतं. भरलेली गाडी चढावर ओढते, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं सगळं ठीक चाललं. मग एका रात्री हायवेवरच्या हॉटेलासमोरून गाडी चोरीला गेली. पोलिसांत तक्रार झाली, तपास झाला, गाडी काही मिळाली नाही. 'अ समरी' झाली, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. विम्याचे पैसे मिळाले. विमा कंपनीने रिवाजाप्रमाणे गाडीच्या दोन्ही चाव्या मागून घेतल्या. डबा मात्र कपाटात होता, तो कुणी मागितला नाही.

मग यांनी त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा सेकंडहँड पिकअप घेतला. डबा लावला. डबा म्हणाला, ही माझी गाडी नाही. मेकॅनिकने हात टेकले. आणि हे माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, तुम्ही जुने कागद वाचता. पैसे मी दिले, डबा माझ्या घरात, मग हा माझं का ऐकत नाही?"

मी इतिहासाचा मास्तर, मेकॅनिक नव्हे. पण प्रश्न ऐकल्यावर मला वाटलं, हा आपल्या भागाचा फार जुना प्रश्न आहे. घिवलीच्या शेजारीच जे तारापूरचं अणुवीज केंद्र उभं आहे, त्याने हाच प्रश्न वीस-तीस वर्षं सोसला. तिकडे येऊच. आधी डब्याच्या मागचा इतिहास बघू.

पंपवाल्याचा काळ

इथे पन्नाशी ओलांडलेले जे ट्रकवाले असतील त्यांना आठवत असेल, इंजिनाचं ट्यूनिंग म्हणजे पंप-नोझलचं काम. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. बंगळूरच्या मायको कंपनीची स्थापना १९५१ ची. तिचे डिझेल पंप आणि नोझल देशभर पसरले. पुढे नाशिकला मायकोचा कारखाना आला, आणि नोझलसाठी नाशिकचं नाव झालं. तीच कंपनी २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते.

या पंपाला कुलूप होतं का? होतं. जास्तीत जास्त डिझेल किती जाईल ते ठरवणारा स्क्रू असायचा, त्यावर तार ओवून शिशाचं सील मारलेलं असायचं. सील तोडलंत तर वॉरंटी गेली. पण सील तोडायला पक्कड पुरायची. पंपवाला स्क्रू फिरवायचा, टेस्ट बेंचवर पंप चढवून प्रत्येक नळीतून किती डिझेल येतं ते काचेच्या नळकांड्यांत मोजायचा. ज्याचा हात चांगला त्याची गाडी ओढायची आणि धूर आटोक्यात राहायचा. ज्याचा हात वाईट त्याच्या मागून काळा धूर.

आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की ट्रक उलटला, जळला, भंगारात गेला, तरी पंप कामाचा राहायचा. तो त्याच जातीच्या दुसऱ्या इंजिनावर बसायचा. इंजिनाचंही तेच. आपल्या किनाऱ्यावर कितीतरी बोटींत लेलँडची इंजिनं धडधडली आहेत, मूळ घराणं ट्रकचं. रस्त्यावरचं यंत्र पाण्यात उतरताना त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तुझी मूळ गाडी कुठली.

म्हणजे त्या काळात कुलूप होतं ते आकाराचं. बोल्टाची भोकं जुळली, शाफ्ट बसला, की वस्तू तुमची.

कागदाचं कुलूप

दुसरं कुलूप कागदाचं. आरसी बुकावर इंजिन नंबर आणि चासी नंबर लिहिलेला असतो. १९३९ चा मोटार वाहन कायदा होता, त्याच्या जागी १९८८ चा आला आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५२ मध्ये सांगितलं आहे की नोंदणीपत्रातली माहिती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीशी जुळेनाशी होईल असा बदल गाडीत करायचा नाही. इंजिन बदलायचं तर परवानगी घ्यायची. कलम ५५ सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा होईल तितक्या लवकर आरटीओला कळवायचं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेला सोडून गाडीत केलेले बदल कायद्याला मान्य नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत अशा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली.

चासी नंबराचीही एक गंमत सांगतो. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने नंबर टाकायची. अमेरिकेने १९८१ च्या मॉडेलपासून सतरा अक्षरांचा नंबर सक्तीचा केला, आणि ही पद्धत जगभर रुळली. आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरं त्यात वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात. टाटांच्या गाडीचा नंबर बघा, 'एमएटी'ने सुरू होतो. हा नंबर निघाला चोरी पकडायला आणि सदोष गाड्या परत बोलावायला. त्याचा उपयोग कुलपासारखा होईल असं तेव्हा फारसं कुणाच्या मनात नसावं. कारण नंबर पत्र्यावर कोरलेला होता. पत्रा काही बोलत नाही.

आकड्याचं कुलूप

मग पत्रा बोलायला लागला. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. भारत स्टेज तीन १ एप्रिल २०१० पासून हळूहळू देशभर, स्टेज चार १ एप्रिल २०१७ पासून आणि स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून. जुन्या पंपाला ही गणितं जमेनात. त्याच्या जागी कॉमन रेल आली, आणि डिझेल किती, कधी, किती दाबाने सोडायचं ते ठरवायला एक छोटा संगणक आला. मेकॅनिक त्याला ईसीएम म्हणतात. त्याच्यात एक फाइल असते. किती आरपीएमला, पेडल किती दाबलं असताना किती डिझेल, टर्बोचा दाब किती, धुराची मर्यादा कुठे, याचे तक्ते. पंपवाल्याच्या हातात जे होतं ते या तक्त्यांत गेलं. आणि त्याच ईसीएममध्ये तो सतरा अक्षरांचा नंबरही साठवलेला असतो.

आता हा डबा काय करतो ते नीट ऐका, कारण सगळी भानगड इथे आहे. पहिल्यांदा लावला की तो गाडीला विचारतो, तुझा नंबर काय? तो नंबर स्वतःजवळ लिहून ठेवतो. मग ईसीएममधली मूळ फाइल वाचून स्वतःच्या पोटात जपून ठेवतो. आणि मग आपली फाइल गाडीत लिहितो. त्या क्षणापासून डबा आणि गाडी यांची गाठ पडली. परदेशातले कारागीर याला सरळ 'लग्न' म्हणतात. काडीमोड घ्यायचा तर रस्ता एकच असतो. डबा त्याच गाडीला लावायचा, पोटातली मूळ फाइल परत लिहायची. ते झालं की डबा नंबर विसरतो आणि दुसऱ्या गाडीला मोकळा होतो.

म्हणजे सोडचिठ्ठीला मूळ गाडी समोर हजर पाहिजे. गाडी चोरीला गेली असेल, जळली असेल, भंगारवाल्याने कापली असेल, तर ही अट पुरी कशी होणार? होत नाही. तिथे एकच दार उरतं, ते म्हणजे डबा बनवणाऱ्या कंपनीचं. ती पावती मागते, डब्याचा नंबर मागते, गाडी गेल्याचा पुरावा मागते, आणि मग फुकट किंवा नव्या परवान्याचे पैसे घेऊन कुलूप काढते. नाहीतर काढत नाही.

असं का करतात? एक कारण धंद्याचं आहे. एक डबा घेऊन गावभरच्या गाड्या ट्यून करता आल्या तर दुसरा डबा कोण घेईल? पण दुसरं कारण खरं तांत्रिक आहे आणि ते विसरू नका. डब्याच्या पोटातली मूळ फाइल त्याच गाडीची असते. ती भलत्या गाडीत गेली तर इंजिन बिघडेल. आणि ती पुसली गेली तर पहिल्या गाडीला मूळ स्थितीत यायचा हा रस्ता बंद.

तारापूरची गोष्ट

आता शेजारी चला. ८ ऑगस्ट १९६३ ला भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरसाठी करार झाला. मुदत तीस वर्षं. अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, दोन, उकळत्या पाण्याच्या जातीच्या. २८ ऑक्टोबर १९६९ ला त्यांतून व्यापारी वीज सुरू झाली. होमी भाभांनी करार पाहिला, वीज पाहिली नाही. ते जानेवारी १९६६ मध्ये गेले होते.

या भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतं. ते आपल्याकडे तेव्हा होत नव्हतं. करारात असं ठरलं की अमेरिका इंधन पुरवील, आणि तारापूरमध्ये अमेरिकेने दिलेल्या इंधनाखेरीज आणि त्यातूनच तयार झालेल्या इंधनाखेरीज दुसरं काही वापरायचं नाही. बघा, दोन्ही कुलुपं आली. आकाराचं आलं, कारण इंधनाची जुडी त्या भट्टीच्या मापाचीच लागते. कागदाचंही आलं. त्यात वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायची तर दोघांनी मिळून आधी ठरवायचं, ही अट वेगळीच.

१८ मे १९७४ ला पोखरणला चाचणी झाली. त्यानंतर अमेरिकेतलं वारं फिरलं. १९७८ मध्ये तिथे नवा कायदा झाला, की ज्या देशाची सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत त्याला इंधन द्यायचं नाही. आपलं म्हणणं होतं, करार १९६३ चा आहे, १९७८ चा कायदा त्याला मागून कसा लावता? १९८० मध्ये तारापूरच्या इंधनाचा प्रश्न अमेरिकी सिनेटमध्ये मताला गेला, तेव्हा माल पाठवायच्या बाजूने निकाल लागला तो फक्त दोन मतांच्या फरकाने. पालघर-बोईसरच्या दिव्यांचा निकाल कुठे लागत होता, विचार करा.

भट्टी होती, कामगार होते, समुद्राचं पाणी होतं. किल्ली दुसऱ्याच्या घरात होती. आपण काय केलं? पहिलं म्हणजे काटकसर. वीज कमी काढून इंधन पुरवलं. दुसरं, इंधनाच्या जुड्या बांधायचं काम हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्सने हाती घेतलेलं होतं, म्हणजे आकाराचं कुलूप आपण घरीच उघडलं होतं. तिसरं, वापरलेल्या इंधनातलं प्लुटोनियम मिसळून इंधन करायची तयारी केली. अशा काही जुड्या पुढे नव्वदच्या दशकात तारापूरच्या भट्टीत घालूनही पाहिल्या. आणि चौथं, बोलणी सोडली नाहीत. जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या, आणि अमेरिकेच्या संमतीने फ्रान्सने इंधन द्यायचं असा तोडगा निघाला. करार तोच, अटी त्याच, पुरवठादार दुसरा. कुलूप तोडलं नाही. मूळ कुलूपवाल्याकडून दुसऱ्याला किल्ली देववली.

१९९३ मध्ये तीस वर्षं भरली. फ्रान्सने हात आखडता घेतला. १९९५ मध्ये चीनकडून इंधन आलं, २००१ मध्ये रशियाकडून. म्हणजे मूळ गाडी जिथे होती तिथेच, पण डब्यांच्या कंपन्या बदलत गेल्या. २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिली, तेव्हा हा घोळ बराचसा सुटला.

या गोष्टीचा एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या इंधनातून राहिलेलं वापरलेलं इंधन. करार संपल्यावर आपण म्हणू शकलो असतो, आता ते आमचं, वाटेल ते करू. तसं केलं नाही. ते तारापूरला तळ्यांत, तपासणीखाली जपून ठेवलं. हक्काचा वाद चालू राहिला, पण वस्तू सांभाळली. कारण एकदा हात लावला की परत पूर्वीसारखी करता येत नाही.

पुढे तिसरी आणि चौथी भट्टी आली, चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये. ती नैसर्गिक युरेनियमवर चालणारी, आपल्या आराखड्याची, प्रत्येकी ५४० मेगावॉटची. किल्ली घरात आली. पण हेही सांगितलं पाहिजे, की त्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठली. घिवलीकरांना हे मी सांगायला नको. स्वावलंबनाची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही.

किल्ली कुणाची?

गाड्यांच्या जगातही हा वाद आज चालू आहे. अमेरिकेत १९९८ चा एक कायदा आहे, डिजिटल कुलूप तोडणं हाच गुन्हा ठरवणारा. तिथे २०१५ मध्ये गाड्या आणि ट्रॅक्टरच्या मालकांना दुरुस्तीपुरती त्यातून सूट मिळाली. त्याच वर्षी फोक्सवॅगनची लबाडी उघड झाली. तपासणीत धूर कमी आणि रस्त्यावर जास्त, अशी फाइलच कंपनीने लिहिली होती. म्हणजे कुलूप लावणारा सज्जन आणि उघडणारा लबाड, असं काही गृहीत धरता येत नाही.

आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपये दंड सांगितला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू दिली नाहीत, हा ठपका. प्रकरण पुढे कोर्टात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षाअखेर पोर्टलही सुरू केलं. पण लक्षात घ्या, दुरुस्तीचा हक्क वेगळा आणि ताकद वाढवण्याचा हक्क वेगळा. पहिल्याच्या बाजूने मी उभा आहे. दुसऱ्याच्या आड कलम ५२ आहे, आणि ज्याच्या घरात दमेकरी आहे त्याला विचारा, ते का आहे.

मग डब्याचं काय झालं?

आम्ही दोघांनी बसून कंपनीला पत्र लिहिलं. पावती होती. एफआयआर आणि समरीची प्रत जोडली. उत्तर आलं की कुलूप काढता येईल, नव्या परवान्याचे पैसे पडतील, आणि कुलूप काढताना डब्यातली जुनी फाइल पुसली जाईल.

त्या शेवटच्या वाक्यावर मी त्यांना थांबवलं. म्हटलं, काका, चोरीची गाडी उद्या सापडली तर? ती आता विमा कंपनीची. तिच्या ईसीएममध्ये तुमच्या डब्याने लिहिलेली फाइल आहे. तिची स्वतःची मूळ फाइल आहे ती या डब्यात. तुम्ही ती पुसलीत, तर आधी गाडी बदलली आणि मग बदलाचा माग पुसला, असं होईल. विमा कंपनीला तुम्ही डब्याबद्दल सांगितलंत का?

ते गप्प बसले. सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. दोन दिवस त्यांना झोप नव्हती, हे त्यांच्या घरातून मला कळलं. भीती साधी होती, की मिळालेले पैसे परत मागतील, आणि नव्या गाडीचे हप्ते तर चालू आहेत.

तिसऱ्या दिवशी ते स्वतःच गेले आणि लेखी कळवून आले. सोबत डब्याचा नंबर दिला. उत्तर अजून यायचं आहे, त्यामुळे गोष्टीचा शेवट मला सांगता येत नाही. नव्या गाडीला त्यांनी डबा लावला नाही. नोझल साफ करून घेतले, एअर फिल्टर बदलला, टायरांची हवा बघितली. चढावर थोडी कमी ओढते म्हणतात, आणि बर्फाच्या दोन लाद्या कमी भरतात.

ज्यांच्याकडे असा डबा असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. गाडी विकण्याआधी मूळ फाइल परत लिहा आणि डबा मोकळा करून घ्या. नंतर ती गाडी हाती लागणार नाही. सेकंडहँड डबा घेताना तो कुठल्या नंबराला बांधलेला आहे ते तपासा, नाहीतर बंद कुलूप विकत घ्याल. पावती जपा, कारण गाडी गेल्यावर तुमच्या बाजूने बोलणारा तोच एक कागद. आणि गाडीत बदल केला असेल तर विमावाल्याला आधी सांगा, नंतर सांगण्याची वेळ येऊ देऊ नका.

काकांनी डबा आज मला व्याख्यानापुरता दिला आहे. संपल्यावर परत त्यांच्या कपाटात जाईल, फाइलीसकट. प्रश्न असतील तर विचारा. मेकॅनिक मंडळी समोर आहेत, माझं कुठे चुकलं असेल तर तेही सांगा.